कृत्रिम उपग्रह जमतो, मग कृत्रिम ग्रह का नाही?

प्रश्नार्थक

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे, सहावीत आहे तो. परवा कृत्रिम उपग्रहांचा धडा वाचत बसला होता आणि मधेच मान वर करून म्हणाला, मामा, माणसाला कृत्रिम उपग्रह करता येतो तर कृत्रिम ग्रह का नाही करत? नुसतं 'उप' काढायचं. मी आधी हसलो, मग म्हटलं अरे ग्रह केवढा मोठा असतो, तर म्हणे मग थोडा थोडा करत जायचा, दर वर्षी थोडा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जमाखर्चातला माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. मंगळावर वस्ती वगैरे नकोय, आहे तो ग्रह सुधारणं वेगळं. मला विचारायचंय की लघुग्रह, दगडधोंडे, जे मिळेल ते एका जागी गोळा करून नवाकोरा, पायाखाली जमीन आणि डोक्यावर हवा असलेला ग्रह माणूस कधीतरी, हजार काय लाख वर्षांनी का होईना, बनवू शकेल का? की मुळातच नियमात बसत नाही? 'खूप महाग पडेल' हे उत्तर चालणार नाही, ते मी देऊन पाहिलंय.

खडूस

आहे तो ग्रह धड सांभाळता येईना आणि म्हणे नवा बनवा.

आकडेमोड

खडूस, हे वाक्य अंतराळाच्या प्रत्येक धाग्यावर कोणीतरी टाकतंच, आज तुमचा नंबर लागला. असो.

भाच्याला सांगा, नियमात बसतं. धूळ नि दगड एकमेकांवर आपटत, चिकटत ग्रह होतात हे सूर्यमालेत एकदा घडून गेलेलंच आहे, कोणी बनवायला बसलं नव्हतं तरी. अडतं ते आकड्यांपाशी, आणि ते आकडे पैशाचे नाहीत.

पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे ६ वर २१ शून्यं, तेवढे टन. आता माणसाकडे किती आहे ते बघू. २०२० साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी एक हिशेब मांडला होता, की जगात आज वापरात असलेलं सगळं मानवनिर्मित सामान, काँक्रीट, विटा, डांबर, लोखंड, काच, प्लास्टिक, एकूण एक धरलं तर साधारण १.१ लाख कोटी टन भरतं. ऐकायला भरपूर वाटतं ना? आता सगळ्या इमारती, रस्ते, धरणं, पूल, गाड्या उचला आणि घट्ट एका गोळ्यात कोंबा. तो गोळा होतो जेमतेम १० किलोमीटर व्यासाचा. मंगळाचा धाकटा चंद्र डिमोस, जो मोठ्या दुर्बिणीशिवाय दिसतसुद्धा नाही, तो याहून जड आहे. आपल्या त्या गोळ्यावर उभं राहून चेंडू फेकला तर परत येणार नाही, कारण तिथून कायमचं सुटायला सेकंदाला साडेपाच मीटर एवढा वेग पुरतो, तेवढा तर लहान मूलही देतं. म्हणजे अख्खी मानवजात पिढ्यान्पिढ्या राबली आणि एक चेंडू धरून ठेवेल एवढं गुरुत्वाकर्षणही जमवू शकली नाही. पृथ्वी करायची तर असे साडेपाचशे कोटी गोळे लागतील.

आता कच्चा माल. लघुग्रहांचा पट्टा म्हटलं की लोकांना वाटतं दगडांची नुसती गर्दी असेल, पण तिथे मोठ्या दगडांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते आणि सगळा पट्टा मिळून आपल्या चंद्राच्या ३ टक्केच माल आहे. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त एकट्या सेरेस या सगळ्यात मोठ्या लघुग्रहात. सगळा झाडून गोळा केलात तर साधारण १२०० किलोमीटर व्यासाचा गोल होईल, गोल दिसेल छान, पण त्यावर तुमचं वजन इथल्या वजनाच्या विसाव्या भागाहून कमी आणि हवा तर टिकणारच नाही, रेणू आपल्या नेहमीच्या धावपळीतच हळूहळू निसटून जातील. मग चंद्र गोळा करू म्हणाल, तर सगळ्या ग्रहांचे सगळे चंद्र मिळून पृथ्वीच्या दहाव्या भागाच्या आसपास. थोडक्यात ग्रहाएवढा माल फक्त ग्रहांमध्येच आहे. नवा ग्रह करायचा तर जुना मोडावा लागतो. इथे माझा तरी या कल्पनेतला रस अर्धा संपतो.

अवांतर: लघुग्रहावरून माल आणण्याचा आपला आजचा अनुभव काय तर नासाचं ओसायरिस-रेक्स यान २०१६ ला निघालं, बेन्नू नावाच्या लघुग्रहाला हात लावून २०२३ मध्ये डबा परत टाकला, त्यात माल होता १२१.६ ग्रॅम. सात वर्षं. भाच्याच्या 'दर वर्षी थोडा' मधला 'थोडा' सध्या एवढा आहे.

प्रश्नार्थक

आकडेमोड, कोपरापासून नमस्कार. भाच्याला वाचून दाखवलं, चेंडूची गोष्ट त्याला फार आवडली. पण त्याचं म्हणणं, जुना ग्रह मोडायचा तर मोडा की, बुध काय कामाचा आहे. समजा माल मिळाला, पोचला. मग पुढे नुसतं रचत जायचं ना? भिंत रचतात तसं?

आकडेमोड

नाही, आणि ही गोष्ट मालाहून जास्त गंमतीची आहे. ग्रह रचता येत नाही, तो पडतो. तुम्ही दगड आणून ठेवायला जाल, तर ग्रह अर्धामुर्धा झाल्यावर तोच दगड ओढून घ्यायला लागतो. पृथ्वीएवढा होत आला की वरून येणारा प्रत्येक दगड सेकंदाला ११ किलोमीटरने आदळणार. त्या वेगाला एका किलोमध्ये जी ऊर्जा असते ती १५ किलो टीएनटीच्या स्फोटाएवढी. एक किलो दगड टाकला, पंधरा किलोचा बॉम्ब फुटला, आणि असे दगड टाकायचेत ६ वर २४ शून्यं इतके किलो. सुरुवातीचे दगड हळू पडतात म्हणून सरासरी कमी येते, तरी दगड वितळवायला लागते त्याच्या वीसेक पट उष्णता प्रत्येक किलोमागे निघते.

म्हणजे तुमच्या हातात येतो तो ग्रह नसतो, लाव्हाचा थेंब असतो. पृथ्वी अशीच होती. ती ४५४ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आतली धग अजून पुरती गेलेली नाही (त्यातली बरीचशी किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची आहे हे मान्य, पण जन्माची उष्णताही त्यात आहेच). एकूण निघणारी उष्णता किती, तर आपला सूर्य साधारण आठवडाभरात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी. सगळी मानवजात आज वर्षाला जेवढी ऊर्जा वापरते त्या हिशेबाने तेवढी वापरायला ३५-४० हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे.

कोणी म्हणेल दोराने हळूहळू खाली सोडू. तत्त्वतः चालतं, उतरणाऱ्या मालाच्या वजनावर जनरेटर फिरवायचा आणि वीज करून बाहेर पाठवायची. पण मग ती वीज कुठे नेऊन ठेवणार हा प्रश्न उरतो, उष्णता फक्त पत्ता बदलते. आणि आतलं दाबाने तापतं ते वेगळंच, पृथ्वीच्या केंद्रात दाब आपल्या हवेच्या ३६ लाख पट आहे.

रात्रपाळी

मी कारखान्यात आहे, लेथ आणि ग्राइंडिंग बघतो, शास्त्रज्ञ नाही हे आधीच सांगतो पण हा विषय म्हणजे माझा वीक पॉइंट, रात्री मशीनवर लांब जॉब लागला की हेच वाचत असतो. आकडेमोड रावांचे आकडे बरोबर आहेत पण मुळात प्रश्नच उलटा मांडलाय असं मला वाटतं, आपल्याला ग्रह कशाला पाहिजे, पायाखाली वजन पाहिजे आणि नाकात हवा पाहिजे. पृथ्वीची ६३७१ किलोमीटर जाडी आपल्या कामाची काय, आपण वरच्या सालीवर राहतो, खाली सगळ्यात खोल खणलेलं भोक रशियात कोला म्हणून आहे ते १२,२६२ मीटर, खाली १८० डिग्री लागली आणि काम थांबलं, म्हणजे त्रिज्येच्या हजारात दोन भाग. बाकीचा सगळा माल नुसता आपल्याला खाली ओढायला ठेवलाय. एवढा माल वजनासाठी घालवायची गरज नाही, फिरवा की.

बादलीत पाणी घेऊन गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तेच. प्रिन्स्टनचे जेरार्ड ओनील म्हणून प्राध्यापक होते त्यांनी १९७४ मध्ये ही कल्पना नीट हिशेब करून मांडली आणि १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात आणि स्टॅनफर्डला लोकांनी बसून एक डिझाइन केलं, स्टॅनफर्ड टोरस म्हणतात, सायकलच्या ट्यूबसारखी वर्तुळाकार नळी, व्यास १.८ किलोमीटर, मिनिटाला एक फेरा, की आतल्या माणसाला बाहेरच्या भिंतीवर उभं राहून अगदी इथल्याएवढंच वजन लागतं. १० हजार माणसं राहणार. माल चंद्रावरून आणायचा कारण तिथून वर फेकायला सहावा भागच गुरुत्वाकर्षण. एकूण वजन १ कोटी टन, त्यातला बहुतेक भाग नुसती चंद्राची माती, वैश्विक किरण अडवायला सगळीकडून दोनेक मीटर जाड लेप.

आता आकडेमोड रावांचा तो १० किलोमीटरचा गोळा घ्या, १.१ लाख कोटी टन. त्याच वजनात असे १ लाख १० हजार टोरस होतात. म्हणजे ११० कोटी माणसांची सोय. गोळा केला तर एक चेंडू राहत नाही, नळ्या केल्या तर ११० कोटी माणसं राहतात, माल तोच. मला तरी यापुढे ग्रहाचा विषय काढायची गरज वाटत नाही.

आकडेमोड

रात्रपाळी, हा हिशेब मी करायला हवा होता, राहिला. दंडवत.

पण मग एवढं मोठंच का, ५० मीटरची नळी का नाही? आणि उलट बाजूने ५० किलोमीटरची का नाही?

रात्रपाळी

लहान का नाही ते सोपं आहे. १० मीटर त्रिज्या घेतली तर पूर्ण वजनासाठी साधारण सव्वासहा सेकंदाला एक फेरा लागतो. तुमचे पाय १० मीटरवर, डोकं सव्वाआठवर, म्हणजे डोक्याला पायापेक्षा अठरा टक्के वजन कमी. मान वळवली की कानातलं पाणी वेगळीकडे वळणार, गरगरून उलटी. हातातून नट सुटला तर पायाजवळ न पडता बाजूला जाऊन पडणार. मिनिटाला दोनच्या आत फेरे असले तर बहुतेकांना सवय होते म्हणतात, म्हणून मोठं चाक, हळू फेरा.

मोठं का नाही हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ग्राइंडिंग व्हीलवर लेबल असतं त्यावर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो, त्याच्या पुढे गेलात तर व्हील स्वतःच्याच ओढीने फुटतं, बाहेरून कशाचा धक्का लागायची गरज नाही. आमच्याकडे एकदा फुटलंय. मी दोन मशीन पलीकडे होतो, गार्ड होता म्हणून माणूस वाचला, एक तुकडा पत्र्याच्या भिंतीत रुतला होता तो काढायला छिन्नी लागली. फिरणाऱ्या कड्याला प्रत्येक भाग बाहेर ओढत असतो आणि शेजारच्या भागाने त्याला धरून ठेवायचं असतं. कडं जेवढं मोठं तेवढी एकाच वजनाला ही ओढ जास्त. साधं चांगलं स्टील धरलं तर सहा-सात किलोमीटर त्रिज्येपाशी त्याची सगळी ताकद स्वतःला धरून ठेवण्यातच संपते, घरं माणसं माती पाणी काही ठेवायच्या आधी. कार्बन फायबर वगैरेने पुढे जाल पण ५० किलोमीटर म्हणजे तेवढ्याच लांबीची केबल स्वतःच्या वजनाने लोंबकळत ठेवण्यासारखं आहे.

आणि एक, नवीन व्हील चढवायच्या आधी आम्ही ते बोटावर टांगून लाकडी मुठीने ठोकून बघतो. खणखणीत वाजलं तर चढवायचं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, टाकून द्यायचं. १० हजार माणसं आत असलेलं चाक कोण ठोकून बघणार आणि बद्द वाजलं तर कुठे टाकणार, हे मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

काठावरचा

तुम्ही दोघं फार सज्जन विचार करताय. सरळ शनीभोवती कवच बांधा. शनीच्या ढगांच्या वरच्या थरापाशी गुरुत्वाकर्षण जवळजवळ पृथ्वीएवढंच आहे, आणि पृष्ठभाग पृथ्वीच्या ८० पटींहून जास्त. ओढायला माल आयता आत भरलेला, तुम्ही फक्त साल चढवायची. ग्रह तयार. विश्वामित्राने प्रतिसृष्टी केली ती अशीच अर्ध्या तयार मालातून केली असणार.

आकडेमोड

आणि त्रिशंकू मधेच लोंबकळत राहिला ते विसरलात. काठावरचे, कवच कशाच्या आधारावर उभं राहणार? शनीला जमीन नाही, खांब कुठे रोवणार. बरं, नुसतं अधांतरी ठेवाल तर ते मधोमध राहत नाही. पोकळ गोल कवच आणि आतला ग्रह यांच्यात एकूण ओढ शून्य असते, हे न्यूटनचं जुनं गणित. म्हणजे कवच जरा सरकलं तर त्याला परत जागेवर आणणारं काहीच नसतं, तरंगत जाऊन एका बाजूने टेकणार. कड्याचं तर याहून वाईट. शनीचं कडं एकसंध घन असेल तर ते टिकणार नाही, किंचित सरकलं की सरकतच जाऊन आदळेल, हे मॅक्सवेलने १८५९ च्या आपल्या निबंधात गणिताने दाखवलं होतं, कड्याच्या जवळ जाऊन पाहायला यान जायच्या शंभरेक वर्षं आधी. म्हणून कडी म्हणजे सुटे सुटे तुकडेच असणार, आणि तसंच निघालं. तेव्हा तुमच्या कवचाला सतत इंजिनं लावून जागेवर धरावं लागेल, आणि वीज गेली की संपलं.

काठावरचा

बरं मग स्वतःसारखीच दुसरी मशीन बनवणारी मशीन सोडा. नासाने १९८० मध्ये चंद्रावर अशा कारखान्याचा अभ्यास केला होता. एकाची दोन, दोनाची चार. माणसाने काही करायचंच नाही.

आकडेमोड

हा मात्र खरा मुद्दा आहे आणि मी तो मुद्दाम टाळत होतो, कारण त्याने माझे वरचे आकडे लहान होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवा, चौसष्ट घरांत राजाचं कोठार रिकामं. एक टनाच्या मशीनपासून सुरुवात केली आणि दर वर्षी दुप्पट झाली तर पृथ्वीएवढं वजन व्हायला ७३ वेळा दुप्पट व्हावं लागतं. पटाहून दहा घरं जास्त. म्हणजे ७३ वर्षं! माणसाचं एक आयुष्य.

फक्त शेवटचं वर्ष बघा. त्या एका वर्षात अर्धी पृथ्वी तयार करायची असते. किलोमागे १ मेगाज्यूलच खर्च धरू, एवढ्यात तर धड दगडही वितळत नाही. तरी पृथ्वीवर सूर्यप्रकाश पडतो त्याच्या पाच लाख पटींहून जास्त ऊर्जा वर्षभर सतत लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. मशीन आधी वितळणार. तेव्हा दुप्पट होणं कुठेतरी मंदावणार, आणि मंदावलं की हजारो, लाखो वर्षांवर गेलं. तरी भाच्याच्या प्रश्नाला सगळ्यात प्रामाणिक उत्तर इथेच कुठेतरी आहे. अशक्य नाही. घाई करता येत नाही एवढंच.

शेवाळ

उशिरा आले, वाचायला वेळ लागला. रात्रपाळी, तुमच्या चाकाच्या मी प्रेमात पडले, पण 'बाकीचा माल नुसता ओढायला ठेवलाय' याच्याशी सहमत नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून असेल.

अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर २ नावाची काचेची बंद इमारत बांधली होती, तीन एकरांहून थोडी जास्त. (बायोस्फिअर १ म्हणजे पृथ्वी.) आत छोटं जंगल, छोटा समुद्र, दलदल, शेत. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली, दोन वर्षांसाठी. दिवसा हवा तापून फुगते आणि काचा फुटू नयेत म्हणून बाजूला रबरी पडद्यांची दोन मोठी 'फुप्फुसं' ठेवलेली, इतका विचार केलेला होता. तरी सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.२ वर आला. माणसांना जिना चढवेना, रात्री झोपेत श्वास अडकून जाग येई. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

कारण काय निघालं बघा. शेतीसाठी माती मुद्दाम कसदार घेतली होती, सेंद्रिय खताने भरलेली. त्यातले जिवाणू जोमाने वाढले आणि ऑक्सिजन खात सुटले. ठीक आहे, मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, झाडांनी तो घेऊन ऑक्सिजन परत दिला असता. पण तो तेवढा वाढलाच नाही, हे कोडं बरेच दिवस सुटेना. शेवटी सापडलं की उघड्या काँक्रीटच्या भिंती तो शोषून घेत होत्या, त्याचं आत कॅल्शियम कार्बोनेट होत होतं. ज्या भिंतीला कोणी घटक म्हणून मोजलंच नव्हतं ती भिंत गुपचूप श्वास घेत होती. परागीभवन करणारे कीटक बरेचसे मेले, मुंग्या नि झुरळं मात्र मजेत.

आता पृथ्वीवरही खडक कार्बन डायऑक्साइड शोषतातच. पण इथे तो समुद्रतळाबरोबर खाली जातो आणि ज्वालामुखीतून परत वर येतो, त्याला कोट्यवधी वर्षं लागतात, आणि ते चक्र फिरवते ती आकडेमोड यांनी सांगितलेली आतली धग. बाहेरच्या गाभ्यातलं वितळलेलं लोखंड ढवळतं म्हणून चुंबकीय क्षेत्र आहे. डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरवर १० टन हवा आहे, रात्रपाळींच्या मातीच्या लेपाचं काम ती फुकटात करते. एवढं मोठं कोठार असलं की एखाद्या खोलीत जिवाणू माजले तरी कोणाला पत्ता लागत नाही. टोरसमध्ये लागेल, दुपारपर्यंत.

मला हे बरणीवरून कळलंय. वर्गासाठी दर वर्षी काचेची बरणी बंद करते, तळाला खडे, वर माती, शेवाळ, एखादं नेचं, थोडं पाणी, झाकण गच्च. पहिल्या वर्षी मी माती चांगली खतवाली घातली. लाड. नवव्या दिवशी पांढरी बुरशी काचेवर चढली, तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर वर्गातली पहिली दोन बाकं रिकामी झाली वासाने. आता नुसती वाळू आणि जुनी निकस माती घालते. एक बरणी चौथ्या वर्षात आहे, नेचं वाढत नाही फारसं, पण मरतही नाही.

रात्रपाळी

ताई, काँक्रीटची गोष्ट वाचून जेवणाची सुट्टी संपली तरी उठलो नाही. मान्य. म्हणजे चाक जमेल पण चाकाला एक मोठं गोडाऊन जोडावं लागेल, हवेचं, पाण्याचं, आणि चुका पोटात घालायचं. ते करता करता शेवटी ग्रहच होतो की काय!

शेवाळ

सेरेसच्या शेजारी उभं करा चाक. गोडाऊन तिथे आहे, बर्फ भरपूर आहे. नवा ग्रह करायला नको आणि जुना मोडायलाही नको.

खडूस

चार दिवस गप्प बसून वाचलं. आता एक सांगतो. माणसाने कृत्रिम ग्रह कधीच केलाय, १९५९ साली.

२ जानेवारीला सोव्हिएत युनियनने लुना १ सोडलं. चंद्रावर आदळवायचं होतं. इंजिन बंद करायच्या वेळेत गडबड झाली आणि नेम चुकला, चंद्राच्या जवळपास ६ हजार किलोमीटर बाजूने निघून गेलं ते थेट सूर्याभोवतीच्या कक्षेत. माणसाने केलेली पहिली वस्तू, जी पृथ्वीभोवती नाही तर सूर्याभोवती फिरते. आता पृथ्वीभोवती फिरेल तो उपग्रह, सूर्याभोवती फिरेल तो ग्रह, म्हणून रशियन वर्तमानपत्रांनी त्याला कृत्रिम ग्रह म्हटलं. नाव ठेवलं मेच्ता, म्हणजे स्वप्न. वजन ३६१ किलो. पृथ्वी आणि मंगळाच्या मधून एक फेरी साधारण ४५० दिवसांत, अजून चालूच आहे. मुलाने बरोबर तेच सांगितलं होतं, नुसतं 'उप' काढायचं. इंजिन वेळेवर बंद झालं नाही आणि 'उप' निघालं.

आकडेमोड

खडूस, कमाल! पण २००६ साली प्रागला ठरलेल्या व्याख्येत बसत नाही हो. सूर्याभोवती फिरणं ही पहिलीच अट. दुसरी, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, आणि ते सोपं नाही, शनीचा मिमास बर्फाचा म्हणून ४०० किलोमीटरला गोल झाला पण व्हेस्टा हा लघुग्रह ५२५ किलोमीटरचा असून दगडी म्हणून ओबडधोबडच राहिला. तिसरी, आपली वाट साफ केलेली हवी, तिथे तर प्लूटोही नापास.

खडूस

१९५९ ला २००६ ची व्याख्या लावू नका. तेव्हा प्लूटोही पास होता.

प्रश्नार्थक

मंडळी, सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भाच्याने लुना १ वहीत लिहून घेतलं आणि खाली 'ग्रह क्र. १०' असं लिहिलंय, मी खोडायला लावलेलं नाही.

पण आता दुसरंच लागलंय मागे. शेवाळताईंचं वाचून त्याने काल बरणी केली. माती निकस घेतली, मी लक्ष ठेवून होतो. मुंगी आत टाकू का विचारत होता, नको म्हटलं. आज सकाळपासून खिडकीत ठेवलीय आणि आतून काच इतकी धुरकट झालीय की काही दिसत नाही, थेंब ओघळतायत. तो म्हणतो पाऊस पडतोय. मला भीती वाटतेय की आत सगळं शिजतंय. झाकण उघडू का थोडं?

शेवाळ

उघडू नका. ऊन थेट पडतंय का? पडत असेल तर खिडकीपासून हातभर आत घ्या. संध्याकाळपर्यंत काच अर्धी तरी निवळायला हवी. नाहीच निवळली तर पाणी जास्त झालंय, मग झाकण एक रात्र काढून ठेवायचं आणि पुन्हा लावायचं. ते एकदाच चालतं.